बाईंचा धुतलेला पट्टा

मंडळी, आता एक प्रश्न घ्या पदरात. सोपा आहे. उत्तर आजच द्यायचं आहे, पण मला द्यायचं नाही! कुणाला द्यायचं, ते शेवटी तुमचं तुम्हालाच कळेल.

समजा, आपल्याला कुणीतरी बोलावलं. तोंडदेखलं नव्हे हं, पोटातून बोलावलं — ‘येत जा.’ आपण काय करतो? नारळ पाठवतो! खरं की नाही? शेजारीण देवाला निघाली की आपला हात खिडकीतून बाहेर — ‘अहो वहिनी, जाताच आहात तर माझाही एक ठेवा! आणि माझ्या नावानं नमस्कार सांगा हं!’ हसताय? हसा, हसा. मीही पाठवलेत. नारळ पोचतो. नमस्कार पोचतो. वहिनी खोबऱ्याचा तुकडा आणून देतात, तो आपण डोळे मिटून खातो. सगळं यथासांग! पण बोलावलं होतं कुणाला? नारळाला?

ज्यानं माणूस मागितलं, त्याला वस्तू पोचवून भागतं का — एवढाच आजचा प्रश्न. पेटीवाले काका, सूर जरा हळू ठेवा. ऐका मंडळी.

पंचगंगेच्या काठचं एक गाव. नाव नका विचारू. नाव सांगितलं की तुम्ही लगेच तिथले सोयरे काढायला बसता! यंत्रमागांचं गाव. दिवसरात्र खडाक-खट, खडाक-खट. त्या गावात हळू बोलणारं माणूस सापडायचं नाही. नवरा-बायकोचं गुपितसुद्धा तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचं!

आणि याच गावात राहायच्या सुलक्षणाबाई हेर्लेकर. केवढी गायिका! रेडिओ लावा — बाई. लग्नाच्या मांडवात — बाई. रिक्षावाला मीटर पाडायच्या आधी बाईंचं गाणं लावायचा. पण एका थंडीत बाईंचा घसा बसला. बसला तो बसलाच. काढे झाले, वाफारे झाले, डॉक्टर झाले. आवाज काही उठेना. बाईंचं वय तेव्हा एकोणपन्नास. लोक कुजबुजायला लागले — संपलं आता.

एका संध्याकाळी बाई फिरायला बाहेर पडल्या. नगरपालिकेच्या शाळेवरून चालल्या होत्या. आतल्या सभागृहातून एकदम तीस पोरांची आरोळी आली — ‘किआय!’ बाई जागच्या जागी थबकल्या. खिडकीशी गेल्या. आत पांढऱ्या कपड्यातली पोरं ओळीनं उभी, मूठ पुढे, आणि प्रत्येक मुठीबरोबर ती आरोळी. कराटेचा वर्ग! बाईंनी पोरांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्या बघत होत्या पोटाकडे. अहो, लहानपणी गुरूंनी जिथून षड्ज लावायला शिकवला होता, नेमकी तीच जागा! बेंबीचा देठ!

बाई तडक आत. वर्ग घेणारे इक्बाल जमादार सर गोंधळून गेले.

‘बाई, तुम्ही? हिकडं? सत्काराला बोलवायचं हुतं की तुम्हाला!’

‘सत्कार मागाहून करा. आधी मला हे ओरडणं शिकवा.’ बसक्या आवाजात बाई म्हणाल्या.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील — कीर्तनात कराटे? का हो? आपल्या देवांचे हात बघा जरा! एका हातात कमळ आणि उरलेले तीन तयारीत!

तर बाई शिकायला लागल्या. सहा महिन्यांत आवाज परत आला. लोकांना वाटलं, चला, औषध लागू पडलं, आता थांबतील. थांबतात कुठल्या! बाईंना नादच लागला. मैफल कोल्हापूरला असो की पुण्याला, गाडीत तंबोऱ्याशेजारी तो पांढरा पोशाख असायचाच. लाथ हवेत, पदर गायब, डोळे रोखलेले — असा बाईंचा एक फोटो निघाला. गावात घरोघरी लागला तो! न्हाव्याच्या दुकानात लागला, पोलीस चौकीत लागला. आणि प्रत्येकाला त्यावर बाईंची सही हवी. बाई शाईच्या पेनानं झोकात सही करायच्या. फोडलेल्या कौलाच्या दोन्ही तुकड्यांवर सही! पण कुणी गाण्याची तबकडी पुढे केली, की हात मागे.

एकानं विचारलं, ‘बाई, लाथेवर सही करता, गाण्यावर का नाही?’

बाई म्हणाल्या, ‘अहो, गाणं माझ्या गुरूंचं. त्यावर मी कशी सही करू? लाथ मात्र माझी स्वतःची आहे!’

वा! टाळी वाजवा की! — बाईंसाठी म्हणतेय मी, माझ्यासाठी नको.

त्या वर्गाचा एक रिवाज होता. ओळीत उभं राहायचं ते वयानं नाही, मानानं नाही. पट्ट्याच्या रंगानं. जुना शिकलेला पुढे, पांढऱ्या पट्ट्याचा नवशिका सगळ्यात मागे. त्यामुळे झालं काय? महाराष्ट्रभर गाजलेली गायिका शेवटच्या ओळीत! आणि तिच्या शेजारी कोण? अकरा वर्षांची एक पोर. मंजिरी चौगुले. घरी सगळे मंजी म्हणायचे.

ही आपली मंजी. हिचंच हे आख्यान.

मंजीचे वडील माग चालवायचे. घर मागांच्या शेडला चिकटून. वडील माग सोडून जेवायला आले तरी कानात खडखडाट घेऊनच यायचे. पोरगी हाक मारायची — ‘आप्पा!’ ऐकू जायचं नाही. दोनदा मारायची, तीनदा मारायची. मग तिनं हाक मारणंच सोडलं. जवळ जायचं, सदरा ओढायचा, हातानं खूण करायची. पाणी हवं — ही खूण. आई बोलावतेय — ती खूण. असं करता करता आवाजच आत गेला पोरीचा. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, कराटेला घाला, धीट होईल. धीट कसली होते! सगळी पोरं ‘किआय’ म्हणून गरजायची, आणि ही नुसतंच तोंड उघडायची.

पहिल्या दिवशी बाईंनी कान तिच्या तोंडाशी नेला. ‘काय गं, आवाज कुठं ठेवून आलीस?’

मंजीनं खांदे उडवले.

‘माझाही हरवलाय. चल, दोघी मिळून शोधू.’

बाईंनी तिचा हात आपल्या पोटावर ठेवला आणि बसक्या गळ्यानंच आरोळी दिली. मंडळी, काय सांगू! बाईंची आरोळीसुद्धा सुरात! खालून उठायची, पंचमावर टेकायची आणि तिथं फुटायची. पुढच्या ओळीतली पोरं फिदीफिदी हसायची — ‘बाई मारतायत का आळवतायत?’ पण मंजीला हाताखाली कळलं. काहीतरी तटतटून वर आलं. तिच्या आईच्या पोटात तिनं कधी ऐकलं असेल, तेवढंच जवळून.

आठ महिने लागले. एका दुपारी मंजी मागांच्या शेडमध्ये गेली. बारा माग चालू. वडील पाठमोरे. ती दारातच उभी राहिली. सदरा ओढायला गेली नाही. पाय रोवले, मूठ आवळली —

‘आप्पा!’

आणि वडील वळले! बारा माग चालू असताना वळले हो! घाबरले, माग बंद केला, धावत आले — ‘काय झालं? कोण गेलं?’

‘कुणी नाही गेलं. जेवायला चला.’

वडील तिच्याकडे बघतच राहिले. मग तोंड फिरवून त्यांनी सुताचा कोन उगाच सरळ केला.  जेवून हात धुताना म्हणाले, ‘बाईंना सांग, ऐकू आलं म्हणून.’

असं नातं ते. रविवार, बुधवार, शुक्रवार. सहा वर्षं. बाईंचा पट्टा बदलत गेला, मंजीचा बदलत गेला. पण बाईंनी पहिला पांढरा पट्टा पिशवीत ठेवलेलाच होता. या विद्येत पट्टा धूत नाहीत, ठाऊक आहे? पोशाख रोज धुवा. पट्टा कधीच नाही. त्यात मुरलेला घाम म्हणजे कमाई. पांढरा पट्टा वापरून वापरून काळा होतो तीच खरी पदवी, असं जमादार सर सांगायचे. बाईंचा पट्टा कसा झाला होता? पावसाळी ढगासारखा!

मंजी सतरा वर्षांची झाली. कॉलेजला सांगली. येणं-जाणं बसनं, वर्ग जमेना. शेवटच्या रविवारी बाईंनी तो ढगाच्या रंगाचा पट्टा काढला, मांडीवर पसरला आणि शाईच्या पेनानं त्याच्या टोकावर लिहिलं — ‘मंजे, येत जा.’ खाली झोकदार सही, सुलक्षणा.

‘कॉलेज कर. लग्न कर. पोरंबाळं होऊ देत. पण येत जा.’

‘हो बाई. येणारच की!’

म्हणाली ना? आपणही असंच म्हणतो. आणि खोटं नाही हो म्हणत! त्या क्षणी अगदी खरंच असतं ते.

पहिलं वर्ष गेलं — परीक्षा. दुसरं — प्रॅक्टिकल. मग पाहणं, मग साखरपुडा, मग लग्न. आणि लग्न कुठं झालं? त्याच गावात, आवट्यांच्या घरी! सासरच्या दारातून शाळेचं सभागृह किती लांब? चालत दहा मिनिटं. दहा! दूर असतं तर निदान सबब तरी असती. मग डोहाळे. मग बाळंतपण. लेक झाली, इरा. इराचे दात, इराचा ताप, इराची शाळा. मंजी म्हणजे कशी आई? जिन्याला चार पायऱ्या, तर चारही वेळा म्हणणार — ‘सांभाळ गं!’ लेक झोपली तर श्वास चालू आहे का बघायला उठणार. समोर बसलेल्या तरुण आया माना खाली घालतायत ते मला दिसतंय बरं का! घाला. माझी पण खालीच आहे.

एकदा मात्र ती निघाली होती. इरा तेव्हा दोन वर्षांची, कडेवर. बुधवारची संध्याकाळ. शाळेच्या फाटकापर्यंत गेली. खिडकीतून बाई दिसल्या. केस पांढरे झालेले, पण पाठ तशीच ताठ. त्यांनी आरोळी दिली. फाटकाशी उभ्या मंजीच्या पोटात ती जशीच्या तशी हलली. पाऊल उचललं तिनं! आणि मनानं काय सांगावं? ‘पोट सुटलंय, पट्टा बसेल का? काय म्हणतील? थोडी बारीक होऊ आणि मग जाऊ.’ परतली. फाटकातून परतली, मंडळी! घरी येऊन ट्रंक उघडली, पैठणीखालचा पट्टा काढला, नाकाला लावला. घामाचा वास, आणि बाई लावायच्या त्या वाळ्याच्या अत्तराचा. ‘मंजे, येत जा.’ पुन्हा घडी घातली, पुन्हा पैठणीखाली.

खूण ठेविली जपून ।
रेशमाखाली दडवून ।
खुणेचा धनी दारातून ।
वाट पाहे ॥

गेल्या माघातली गोष्ट. मंजी मंडईत. एका दुकानात बाईंचं गाणं लागलं होतं, तिनं लक्ष दिलं नाही. पुढच्या दुकानात बाईंचंच. तिसऱ्या दुकानात बाईंचंच. अख्ख्या मंडईत एकच गळा. मंजीनं हातातली कोथिंबिरीची जुडी परत ढिगावर ठेवली. भाजीवाली म्हणाली, ‘का वं वैनी? ताजी हाय की!’  मंजीनं लहानपणी करायची तशी हातानं खूण केली — नको.

वर्ष होत आलं. गावानं ठरवलं, बाईंचं स्मृतिदालन करायचं. कुठं? त्याच शाळेत, सभागृहाशेजारच्या खोलीत. पत्रकं वाटली — ‘बाईंच्या कराटेप्रेमाच्या खुणा ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणून द्याव्यात. सही असलेल्या वस्तूंना प्राधान्य.’ लोकांनी सहीचे फोटो काढले भिंतीवरून, फुटकी कौलं काढली कपाटातून. मंजीनं पत्रक चारदा वाचलं. आणि तिच्या मनात काय आलं? ‘मी तर गेले नाही. पट्टा तरी जाऊ दे.’

ओळखलंत का हे वाक्य? नारळ!

वस्तू द्यायच्या दिवशी सकाळी तिनं पट्टा ट्रंकेतून काढून देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. सासूबाईंना म्हणाली, ‘आई, हा हेर्लेकर बाईंचा. दुपारी दालनात द्यायचाय.’ आणि इराला शाळेत सोडायला गेली; शाळा सुटली की तिला घेऊनच परतणार होती.

आता सासूबाई. आक्काताई आवटे. सोवळं-ओवळं कडक, पण मनानं लोणी. त्यांनी पट्टा उचलला. नाकाशी नेला. ‘अगं बाई! उद्या ह्याला हार घालणार, चार मोठी माणसं हात जोडणार, आणि हा असा घामट?’ सुनेची शोभा होऊ नये एवढंच त्या माउलीच्या मनात! रिठे भिजवले. फेस काढला. हलक्या हातानं चोळला. एकदा नाही, तीनदा. गच्चीवर उन्हात घातला. इस्त्री केली. सून आणि नात शाळेतून परत येतात तो आक्काताई दारातच हसत उभ्या, दोन्ही हातांवर पट्टा धरून, ओटीत खण घालतात तसा —

‘बघ गं मंजे! बगळ्याच्या पिसासारखा केलाय!’

मंजीनं पाहिलं. पांढराशुभ्र. टोकाला तर इतका पांढरा, की तिथं कधी काही होतं हे सांगून खरं वाटू नये.

ओरडली का मंजी? नाही. ‘आई, यावर लिहिलेलं होतं...’ एवढंच म्हणाली.

‘शाईचे डाग होते ते? तेच तर निघता निघेनात! लिंबू लावलं तेव्हा गेले.’ मग सुनेचं तोंड बघून त्या थांबल्या. ‘का गं? ...कामाचं होतं?’

‘नाही आई. छान झालाय.’

सांगा मंडळी, दोष कुणाचा? धुणारीचा? तिला कुणी सांगितलं होतं हा पट्टा धूत नाहीत म्हणून? दहा वर्षं त्या घरात राहून मंजीनं बाईंचं नाव काढलं नव्हतं! सांगितलं असतं तर सासूनंच विचारलं असतं — ‘मग जात का नाहीस?’ ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते ती आपण घरात बोलत नाही. आणि बोलत नाही म्हणून दुसऱ्याच्या हातून ती मोडते.

इरा जेवून झोपली. सासूबाई आडव्या झाल्या. मंजी कोपऱ्यावर जाऊन निळ्या शाईची बाटली घेऊन आली. लग्नात जावयाला दिलेलं शाईचं पेन कपाटात पडून होतं, ते भरलं. आता काय करणार, कळलं ना? अहो, बाईंची सही तिला पाठ होती! शाळेच्या वह्यांची मागची पानं भरून गिरवलेली. कागदावर एकदा करून बघितली — हुबेहूब! ‘सु’चा तो झोक, ‘ल’चा वेढा. बाईंनी पाहिली असती तरी फसल्या असत्या. कुणाला कळणार? समितीला? सासूबाईंचं पापही झाकलं जाईल!

पट्टा मांडीवर घेतला, जसा बाईंनी घेतला होता. नीब टेकवली. कापडानं शाई ओढली, एक टिंब उमटलं, मोहरीएवढं. त्याचं वाटाण्याएवढं झालं. ती बघत राहिली. ‘मंजे, येत जा’ — हे कुणाच्या हातानं लिहिणार मी? आणि कुणाला? मीच मला? बोलावणारी गेली, आणि आता बोलावणंही मीच लिहायचं? ज्यांना दाखवायला लिहीन ते म्हणतील, किती भाग्यवान! बाईंनी हिला बोलावलं होतं! आणि ही गेली नाही, हे कुठं लिहिलेलं असेल?

पेनाला टोपण लावलं तिनं. पट्टा पिशवीत घातला. इराला उठवलं, बोट धरलं आणि निघाली. दहा मिनिटं.

सभागृहात टेबल, टेबलामागे समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब हुपरे. ओळीनं फोटो मांडलेले, सहीसकट. कौलं मांडलेली, सहीसकट. एका बाजूला खुर्चीत जमादार सर. पंच्याहत्तरी गाठलेली, हातात काठी.

अण्णासाहेबांनी पट्टा उलगडला, उलटा केला, सुलटा केला. ‘सही कुठाय हो?’

‘होती. आज सकाळी धुतली गेली.’

‘आणि हा डाग?’

‘तो माझा. खोटी सही करणार होते. नाही केली.’

टेबलापाशी हशा पिकला. अण्णासाहेब म्हणाले, ‘ताई, तुम्ही खरं बोलताय, मान्य. पण उद्या लोक विचारतील, हा पट्टा बाईंचा कशावरून? बाजारात असे ढिगानं मिळतात. बिनसहीचं मी काय मांडू?’

‘तिथं मांडू नका,’ मंजी म्हणाली. ‘कपाटात मागं ठेवा. फक्त इथं राहू दे.’ आवाज इतका बारीक की अण्णासाहेबांनी कानाला हात लावला.

जमादार सरांनी तेवढ्यात काठी टेकली. ‘कोण गं? चौगुल्यांची मंजी का?’

‘हो सर.’

‘आलीस व्हय!’ म्हातारा उठून उभा राहिला. ‘अगं, कुठं हुतीस इतकी वर्सं? पुण्याला?’

‘इथंच होते सर. आवट्यांच्या बोळात.’

सर पुढे झाले. मग अण्णासाहेबांच्या हातातून पट्टा घेतला त्यांनी, बोटांनी चाचपला. ‘बाई पुढच्या वळीत गेल्या ना, तपकिरी पट्टा मिळाल्यावर? तवाधरनं रोज उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून उभ्या ऱ्हायच्या. मी म्हणायचो, बाई, वळ जुळवा. मला म्हणायच्या, सर, जुळलेलीच आहे. वर्ग सुटला की इचारायच्या, “मंजी आलीवती?” म्हणजे दिसतंय की आली न्हाई! तरी इचारायच्या. शेवटच्या बुधवारी पण इचारलं. आता ह्ये मी तुझ्या दालनात कुठं मांडू, अण्णासाहेब? ह्येच्यावर कुणाची सही घिऊ?’

मंजी उभी होती. डोळे पुसायलाही हात उचलेना.

पाच वाजले. वर्गाची पोरं यायला लागली. पांढरे पोशाख, रंगीत पट्टे, गलका. टेबल-खुर्च्या भिंतीला लागल्या. सरांनी पट्टा मंजीपुढे धरला. ‘बांध.’

‘सर, मला आता काही येत नाही.’

‘मग बरोबरच हाय की. पांढरा हाय. मागच्या वळीत.’

पंजाबी ड्रेसवर मंजीनं पट्टा बांधला. बोटं विसरली नव्हती, गाठ आपोआप पडली. इराला भिंतीशी बसवलं — ‘इथून हलायचं नाही हं, खिळा बघ तिथे, हात लावू नकोस!’ आणि शेवटच्या ओळीत जाऊन उभी राहिली. एका बाजूला आठ वर्षांची पोर. दुसऱ्या बाजूला कुणी नाही.

सरांनी पुढून आज्ञा दिली. तीस मुठी पुढे गेल्या, तीस आरोळ्या उठल्या. मंजीचं तोंड उघडलं. आवाज नाही. दुसरी मूठ — खोकला आला. तिसऱ्या वेळी तिनं स्वतःचाच हात स्वतःच्या पोटावर ठेवला. एक लेक जिथं वाढली होती तिथं. पाय रोवले. आणि खालून, अगदी तळातून, काहीतरी तटतटून वर निघालं, पंचमावर टेकलं आणि तिथं फुटलं!

अण्णासाहेब कौल पुसता पुसता थांबले. आणि जमादार सरांनी — सवयच हो ती, वीस वर्षांची — झटकन दाराकडे पाहिलं. मंजीनंही पाहिलं. साऱ्या गावानं ओळखलेला तो सूर! बाईच आल्या जणू.

दारात कुणी नव्हतं. उतरतं ऊन तेवढं उंबऱ्यावर पडलं होतं.

भिंतीशी बसलेल्या इरानं विचारलं, ‘आई, तू कुणाला हाक मारलीस?’

‘एका बाईंना.’

‘त्यांना ऐकू गेलं?’

मंडळी, आई काय उत्तर देणार? बारा मागांच्या वर आवाज नेणारी ती पोर. पण तो आता जिथं जायला हवा होता, तिथं गेला की नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? मला नाही माहीत. मंजीलाही नाही माहीत. ती एवढंच म्हणाली, ‘शुक्रवारी पुन्हा मारून बघू.’ आणि शुक्रवारी गेली. रविवारी गेली. आक्काताई आता दाराशी उभ्या राहून ओरडतात, ‘निघा, पाच वाजायला आले!’ पट्टा मात्र धुवायला मागत नाहीत. बाईंच्या दालनात फोटो आहेत, कौलं आहेत, खाली सह्या आहेत. लोक येतात, बघतात. भिंतीपलीकडून एक आरोळी येते, तेव्हा जुनी माणसं तेवढी चमकून मान वर करतात.

संपलं आख्यान. आता तुमची पाळी! मघाशी विचारलं ते आठवतंय? मला उत्तर नको. तुम्ही सांगा, तुमच्या दहा मिनिटांवर कोण आहे? कुठल्या काकूनं, कुठल्या मास्तरांनी, माहेरच्या कुठल्या शेजारणीनं ‘येत जा’ म्हटलं होतं, आणि तुम्ही दिवाळीला फराळाचा डबा पाठवून मोकळे झालात? डबा त्यांनी घेतला. धुऊन परतही पाठवला, त्यात साखर घालून. आणि आणणाऱ्याला विचारलं, ‘ती नाही आली?’ अण्णासाहेब हुपऱ्यांना हसू नका. आपण सगळे त्याच समितीत आहोत. माणूस असेपर्यंत फुरसत नाही, आणि गेल्यावर दालन!

देवाचं ठीक आहे हो. देव कुठं जात नाही. आज नाही गेलात, उद्या गाभाऱ्यात सापडेल. माणसाचं तसं नाही.

म्हणून आज उलटं सांगते. एरवी आम्ही कीर्तनकार दटावतो, आरती होईपर्यंत कुणी हलायचं नाही! आज ज्याला कुणाचं तरी दार आठवलं असेल, त्यानं आत्ता उठावं. चपला शोधाव्यात आणि निघावं. मी रागावणार नाही, देव तर मुळीच नाही. आरती आम्ही उरलेले करू.

...त्या तिसऱ्या रांगेतल्या ताई उठल्या बघा! वाट द्या त्यांना. सरका जरा, जाऊ द्या!